निराधार पेन्शनचा अर्ज: दाखले, पोच आणि लोकसेवा हक्काचं अपील

घरातलं मिळवतं माणूस गेलं की दहावा-तेरावा होईपर्यंत कोणीतरी सांगतंच, "संगायोचा फॉर्म भरून टाक." संगायो म्हणजे संजय गांधी निराधार अनुदान योजना. महाराष्ट्रात ती १९८० पासून चालू आहे. फॉर्म भरायला सांगणारे पुष्कळ भेटतात, फॉर्मबरोबर तहसीलची पायरी चढणारे थोडे. हा लेख त्या थोड्यांसाठी आहे: मावशीला घेऊन जाणारा भाचा, शेजारणीचे कागद सांभाळणारी बचतगटातली बाई, गावातली अंगणवाडीताई. अर्जदार स्वतः वाचणार असेल तर उत्तमच.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. पेन्शन ही योजना आहे, ती शासन निर्णयावर चालते. रक्कम, अटी, समित्या हे सगळं मंत्रालयातून निघणाऱ्या एका कागदाने बदलू शकतं. पण त्या पेन्शनसाठी जे दाखले लागतात, त्यांतले बरेचसे ठरलेल्या मुदतीत मिळणं हा कायद्याने दिलेला हक्क आहे. तो कायदा म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५. त्याचा अध्यादेश २८ एप्रिल २०१५ रोजी निघाला आणि त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला. गरीब घराला हा कायदा सर्वांत जास्त उपयोगी आहे आणि वापरला जातो सर्वांत कमी. कारण तो वापरायला एकच वस्तू लागते, आणि तीच आपण मागत नाही: तारीख आणि क्रमांक असलेली पोच.

ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या पुढाकाराने जी रोजगार हमी योजना मोठी झाली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. काम मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकार भत्ता. पण १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या पोचेवरच्या तारखेपासून. ज्या गावात मजूर पोच मागत राहिले तिथे हमी खरी ठरली. बाकी ठिकाणी "काम मागितलंच नाही" एवढं म्हणून विषय मिटवता येत होता.

आधी योजना कोणती ते ठरवा

६५ वर्षांखालील विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित महिला, दिव्यांग, अनाथ, कर्करोग-क्षयासारख्या आजाराने घरी बसलेली माणसं, तृतीयपंथी अशा अनेकांसाठी संजय गांधी निराधार योजना. वय ६५ किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन. दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव असेल तर केंद्राची इंदिरा गांधी वृद्धापकाळ किंवा विधवा पेन्शन लागू होते. तिथे केंद्राचा वाटा थोडा असतो आणि उरलेले पैसे राज्य घालतं. नाव कोणतंही असो, अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेतच जातो. जुलै २०२३ पासून रक्कम महिना १,५०० रुपये आहे. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी २०२५ मध्ये ती २,५०० केली गेली.

लाडक्या बहिणीचं काय, हा प्रश्न हमखास येतो. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा त्याहून जास्त मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. दोन्ही घेऊन बसलेल्यांची नावं आधारवरून जुळवली जातात आणि मग वसुलीची भीती मागे लागते. एक निवडा. लाडक्या बहिणीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख आहे, त्यामुळे ती सोपी वाटते. पण तिला वरची वयोमर्यादा आहे. विधवा किंवा दिव्यांग म्हणून मिळणारं पेन्शन मात्र ६५ नंतर श्रावणबाळमध्ये पुढे चालू राहू शकतं. माझं मत विचाराल तर ज्या बाईला निराधार पेन्शन बसतं तिने तेच घ्यावं.

आणखी एक, जे कोणी सांगत नाही. घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालील यादीत असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. अर्ज त्याच शाखेत. पेन्शनचा अर्ज देतानाच हाही द्या. कागद जवळपास तेच आहेत, आणि उशीर झाला की हा अर्ज बाद होतो.

२१,००० चा आकडा

खरी अडचण इथे आहे, म्हणून जरा थांबून बोलतो. संजय गांधी आणि श्रावणबाळसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असावं लागतं. दिव्यांगांसाठी ही मर्यादा ५०,००० आहे. २१,००० ला ३६५ ने भागा: दिवसाला ५८ रुपयेही होत नाहीत. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीची मजुरी महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये होती. म्हणजे एखाद्या विधवेने सरकारच्याच कामावर पुरे १०० दिवस भरले तर तिचे ३१,२०० होतात आणि सरकारच्याच दुसऱ्या योजनेतून ती बाहेर पडते. रेशनच्या प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४,००० आणि शहरात ५९,००० ची मर्यादा आहे. एकच राज्य, एकच बाई, आणि गरिबीचे तीन वेगळे आकडे.

त्यामुळे तहसीलमध्ये सगळेच जण २१,००० चा दाखला मागतात आणि तलाठीही तेवढाच लिहितात, हे उघड गुपित आहे. खोटं सांगा असं मी म्हणणार नाही. पण तलाठ्यासमोर जाण्याआधी घराचा हिशेब नीट करून जा. कोणत्या महिन्यांत काम मिळतं, किती दिवस, जमीन कोणाच्या नावावर, शेळ्या किती, मुलगा वेगळा राहतो की एकत्र. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महागात पडतो. रेशनकार्डावर मुलगा-सून एकत्र असतील तर त्यांचं उत्पन्न विचारलं जातं. मुलगा खरोखरच पुण्याला किंवा सुरतेला कामाला जाऊन तिथेच राहत असेल तर आधी रेशनकार्ड वेगळं करण्याचा अर्ज द्या, मग उत्पन्नाचा दाखला काढा. उलट क्रमाने गेलात तर दोनदा खेटे घालावे लागतील.

तलाठ्याचं पद आता कागदोपत्री ग्राम महसूल अधिकारी झालं आहे. फलक शोधताना गोंधळू नका, माणूस तोच.

कागद जमवणं

मृत्यूचा दाखला पहिला. मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते, माणूस जिथे राहत होता तिथे नाही. गावचा माणूस जिल्ह्याच्या दवाखान्यात गेला असेल तर दाखला त्या शहराच्या नगरपालिकेत किंवा महापालिकेत मिळेल. ग्रामपंचायतीत कितीही वेळा विचारा, तिथे नोंद सापडणारच नाही. घरी मृत्यू झाला असेल तर ग्रामपंचायतीत २१ दिवसांत नोंद करा. वर्ष उलटून गेलं की साध्या अर्जावर नोंद होत नाही, दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. दाखल्याच्या दोन-तीन प्रती एकदमच घ्या. बँक, विमा, रेशन, सगळीकडे लागतात.

नंतर नाव. पेन्शनच्या अर्जात जितके अडकतात तितके दुसऱ्या कशातच नाही. आधारवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं, मतदार यादीत तिसरंच, नवऱ्याच्या दाखल्यावर पत्नीचं नाव चौथ्या पद्धतीने. सगळे कागद एका ओळीत मांडून नावं अक्षरशः वाचून जुळवा. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख प्रमाण धरा, कारण पैसे शेवटी आधारवरूनच येतात. आधारच चुकीचं असेल तर दुरुस्ती आधी. "शांताबाई" आणि "शांता" एवढा फरक चालवून घेतला जातो, पण आडनाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा स्वयंघोषणापत्र जोडा.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचा लागतो. तो एका वर्षाचा किंवा तीन वर्षांचा मिळतो. पेन्शनच्या शाखेत आधी विचारून घ्या कोणता हवा.

रहिवास: अर्जदार महाराष्ट्रात किमान १५ वर्षं राहणारा असावा. जुनं रेशनकार्ड, मुलांचे शाळेचे दाखले, जुनी मतदार यादी असं काहीही १५ वर्षं मागे जाणारं शोधा. विजापूर-कलबुर्गीकडून लग्न होऊन सोलापूर-लातूरला आलेल्या बायकांना हे जड जातं, कारण माहेरचे सगळे कागद कर्नाटकातले. मुलाच्या पहिलीच्या प्रवेशाची नोंद अशा वेळी कामाला येते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनीही हे लक्षात घ्यावं: सहा महिने बाहेर राहिल्याने गावचा रहिवास जात नाही. पण चौकशीला तलाठी आला आणि घराला कुलूप असलं तर तसा शेरा पडतो. कोयता घेऊन निघण्याआधी अर्ज करा, किंवा परत आल्यावर.

दिव्यांगांसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) लागतं. आजारासाठी शासकीय रुग्णालयाचा दाखला. याशिवाय आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, फोटो.

आणि स्टॅम्प पेपर? शक्यतो नको. ९ मार्च २०१५ च्या शासन निर्णयानुसार बहुतेक अर्जांना प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणि साक्षांकित प्रतीऐवजी स्वतः सही केलेली प्रत चालते. जिथे प्रतिज्ञापत्र खरोखर लागतं तिथेही उत्पन्न, जात, रहिवास यांसारख्या दाखल्यांसाठी सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्रावरचं मुद्रांक शुल्क २००४ पासून माफ आहे. तहसीलबाहेरच्या टपरीवर "पाचशेचा बाँड घ्याच" असं कोणी म्हणालं तर त्याला लेखी नियम दाखवायला सांगा. साधारणपणे तो पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो.

सेतूवर काय करायचं

दाखल्यांचे अर्ज आपले सरकार सेवा केंद्रात किंवा सेतूत ऑनलाइन भरले जातात. इथे तीन गोष्टी पाळा, बाकी ऑपरेटर करेल.

१. मोबाइल नंबर अर्जदाराचा किंवा तुमचा द्या. घाईत ऑपरेटर स्वतःचाच नंबर टाकतो. मग "त्रुटी आहे, कागद पुन्हा जोडा" हा मेसेज त्याच्याकडे जातो, आणि तुम्ही महिनाभर दाखल्याची वाट बघत बसता.

२. कागद ठेवून निघून जाऊ नका. "संध्याकाळी भरतो" म्हणजे अर्ज अजून भरलेला नाही, आणि मुदत मोजायला सुरुवातच झालेली नाही. अर्ज क्रमांक आणि तारीख असलेली छापील पोच हातात घेऊनच उठा. तिचा फोटोही काढून ठेवा.

३. पैशांची पावती घ्या. दरपत्रक केंद्रात लावलेलं असतं. त्याहून जास्त मागितले तर पावतीवर तेवढेच लिहा म्हणावं.

कागदावर दिलेल्या अर्जालाही हेच लागू. आवक विभागातल्या लिपिकाने दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि क्रमांक टाकायचा असतो. त्यासाठी साहेब कार्यालयात असण्याची गरज नाही. "साहेब आल्यावर देतो" म्हणाले तर शांतपणे सांगा: निर्णय साहेब घेतील, पोच आवक विभाग देतो. तरी नाहीच दिली तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. पोस्टाची पावती आणि पोचल्याची नोंद हीच तुमची पोच.

मुदत उलटली की

लोकसेवा हक्क कायद्याखाली प्रत्येक खात्याने आपल्या सेवा जाहीर करायच्या असतात. कोणती सेवा, किती दिवसांत, ती देणारा पदनिर्देशित अधिकारी कोण, प्रथम अपील कोणाकडे, द्वितीय कोणाकडे. ही यादी कार्यालयाच्या फलकावर आणि आपले सरकार पोर्टलवर असते. उत्पन्नाचा आणि अधिवासाचा दाखला १५ दिवसांत द्यायचा आहे. अर्ज नाकारायचा असेल तर कारण लेखी द्यावं लागतं, आणि अपील कोणाकडे व किती दिवसांत करायचं तेही त्यातच सांगावं लागतं. "होत नाही, जा" हे तोंडी वाक्य म्हणजे नकार नाही. ते लिहून मागा.

१५ दिवस झाले, दाखला नाही. सुट्ट्या मोजायच्या की नाही यावर वाद नको म्हणून चार-पाच दिवस जादा जाऊ द्या आणि मग प्रथम अपील करा. मुदत संपल्यापासून किंवा नकार मिळाल्यापासून ३० दिवसांत ते करायचं असतं. सबळ कारण असेल तर ९० दिवसांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, पण त्यावर विसंबू नका. अपिलाला वकील लागत नाही, कायद्याची भाषाही लागत नाही. साध्या कागदावर एवढं पुरतं:

"प्रति, प्रथम अपील प्राधिकारी (फलकावरचं पदनाम), महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५.
विषय: उत्पन्नाचा दाखला मुदतीत न मिळाल्याबाबत प्रथम अपील.
मी, (नाव), राहणार (गाव, तालुका), उत्पन्नाच्या दाखल्यासाठी दिनांक … रोजी अर्ज क्रमांक … ने अर्ज केला आहे. पोच सोबत जोडली आहे. ठरलेली मुदत दिनांक … रोजी संपली. आजपर्यंत मला दाखला मिळालेला नाही व लेखी नकारही मिळालेला नाही. हा दाखला मला निराधार अनुदानाच्या अर्जासाठी हवा आहे. कृपया दाखला तातडीने देण्याचे आदेश व्हावेत आणि विलंबाबाबत कायद्यानुसार कार्यवाही व्हावी.
सही / अंगठा, दिनांक, मोबाइल."

दोन प्रती करा, एकीवर पोच घ्या. अर्ज स्वतःच्या लॉगिनमधून केला असेल तर अपील पोर्टलवरूनच करता येतं. सेतूच्या लॉगिनमधून झाला असेल तर कागदी अपील बरं, नाहीतर पुन्हा ऑपरेटरच्या सवडीवर अवलंबून राहावं लागतं.

प्रथम अपिलाचा निर्णय ३० दिवसांत व्हायला हवा. निर्णय विरोधात गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत द्वितीय अपील. निर्णयच झाला नाही तर प्रथम अपिलानंतर ४५ दिवस गेले की द्वितीय अपील करता येतं. तिथे निकालाला ४५ दिवस. त्यानंतरही काही नाही तर ६० दिवसांत तिसरं अपील महाराष्ट्र राज्य सेवा हक्क आयोगाकडे. आयोगात मुख्य आयुक्त आणि प्रत्येक महसूल विभागासाठी आयुक्त अशी रचना आहे.

प्रत्यक्षात उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तिसऱ्या अपिलापर्यंत जायची वेळ क्वचितच येते. पहिलं अपील आवक झालं की दाखला बहुतेकदा निघतो. याला कारण कलम १०. पुरेशा कारणाशिवाय सेवा दिली नाही तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो, आणि तो त्याच्या पगारातून जातो. रक्कम मोठी नाही, पण सेवापुस्तकाची काळजी प्रत्येक कर्मचाऱ्याला असते.

या कायद्याची लंगडी बाजूही सांगायला हवी. दंडाचा एक रुपयाही अर्जदाराला मिळत नाही. मध्य प्रदेशने २०१० मध्ये देशातला असा पहिला कायदा केला, तेव्हा दंडाची रक्कम भरपाई म्हणून अर्जदाराला देण्याची सोय ठेवली होती. आपल्याकडे बाईची रोजंदारी बुडते आणि दंड तिजोरीत जमा होतो. शिवाय हा हक्क "कायदेशीर, तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यतेच्या अधीन" आहे, असं कायद्यातच लिहिलेलं आहे. "सर्व्हर डाऊन" या उत्तराला तिथून दार उघडं राहतं. सर्व्हर डाऊन असेल तर त्या दिवशीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. रोजच बंद असतो असं म्हणणं मग त्यांना अवघड जातं.

"आचारसंहिता आहे, दाखले बंद आहेत" हेही ऐकू येतं. नेहमीचे दाखले आचारसंहितेत बंद होत नाहीत.

पेन्शनचा मूळ अर्ज

सगळे दाखले हाती आले की पेन्शनचा अर्ज तहसीलच्या संजय गांधी शाखेत. पुन्हा दोन प्रती, पुन्हा पोच. तलाठ्याची चौकशी होते, शाखा छाननी करते, आणि अर्ज तालुक्याच्या समितीपुढे जातो. या समितीवर अशासकीय अध्यक्ष आणि सदस्य पालकमंत्र्यांच्या शिफारशीने नेमले जातात. त्यामुळे सरकार बदललं की समिती बरखास्त होते, आणि नवी होईपर्यंत तहसीलदारांच्या पातळीवर काम चालवलं जातं. गावात "अमुक भाऊंच्या ओळखीने पेन्शन होतं" असं जे बोललं जातं त्याचं मूळ या रचनेत आहे. समितीने पात्र अर्ज ओळख नाही म्हणून नाकारता कामा नये. पण बैठक पुढे ढकलून अर्ज महिनोन्‌महिने पडून राहू शकतो, आणि इथे दाखल्यासारखं अपिलाचं हत्यार सरळ चालेलच असं नाही. पोर्टलवर ही सेवा कोणत्या मुदतीसह दिली आहे ते आधी बघा. मुदत दिलेली असेल तर वरचाच रस्ता.

नसेल तर माहितीचा अधिकार. दोन-तीन महिन्यांत उत्तर आलं नाही की संजय गांधी शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प लावला तरी चालतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, फक्त यादीतल्या नावाचा पुरावा जोडा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द. म्हणून गाऱ्हाणं लिहू नका, नेमकं विचारा:

"दिनांक … च्या माझ्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या अर्जावर (आवक क्र. …) आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी. हा अर्ज समितीच्या कोणत्या तारखेच्या बैठकीत ठेवला गेला, त्या बैठकीच्या इतिवृत्तातील संबंधित पानाची प्रत द्यावी. ठेवला नसल्यास त्याबाबतची नोंद असलेल्या कागदाची प्रत द्यावी."

उत्तराला ३० दिवस. "का नाही दिलं" असं विचारलंत तर "माहिती उपलब्ध नाही" येईल. कागद मागितला तर कागद द्यावा लागतो, किंवा तो नाही असं लिहून द्यावं लागतं. दोन्ही तुमच्या उपयोगाचं. ते घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयाच्या लोकशाही दिनाला जाता येतं. तो महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज विहित नमुन्यात आधीच द्यावा लागतो, आयत्या वेळी नाही.

एजंटांबद्दल एकच सांगतो. "पहिल्या हप्त्यातून द्या" असं म्हणणारा माणूस सहसा तुमचा मंजूर झालेला अर्ज यादीत आधीच बघून आलेला असतो.

मंजूर झालं, पण पैसे येत नाहीत

हल्ली तक्रारींचा मोठा भाग हा आहे. पूर्वी तहसीलकडून बँकेत यादी जायची. आता अनुदान आधारमार्फत थेट खात्यात (म्हणजे डीबीटीने) येतं, आणि त्यात एक मेख आहे: पैसे तुम्ही अर्जासोबत दिलेल्या पासबुकाच्या खात्यात जातीलच असं नाही. आधारशी सर्वांत शेवटी ज्या बँकेचं खाते जोडलं गेलं तिथे ते जातात. कोणत्या तरी कंपनीच्या माणसाने सिमकार्ड देताना किंवा बचतगटाच्या कर्जासाठी दुसरंच खातं उघडलेलं असतं, आणि पेन्शन तिथे साठत राहतं. म्हातारीला माहीतच नसतं. आधारच्या संकेतस्थळावर बँक जोडणीची स्थिती दिसते. मोबाइल आधारला जोडलेला असेल तर दोन मिनिटांचं काम आहे. नसेल तर बँकेत जाऊन "माझं आधार डीबीटीसाठी कोणत्या बँकेला जोडलंय" असं विचारा. "खात्याला आधार लिंक आहे का" असं विचारू नका. खात्याला आधार जोडलेलं असतं, तरी पैसे दुसरीकडे जात असतात. बँकेतला माणूसही "हो, आहे" म्हणतो आणि तुम्ही हात हलवत परत येता.

दुसरं कारण बंद पडलेलं खातं. बरेच महिने व्यवहार नसला की खातं गोठतं. ओळखीचे कागद पुन्हा द्या आणि शंभर-पन्नास भरून काढा. ज्यांना बँकेपर्यंत चालवत नाही त्यांच्यासाठी पोस्टाच्या बँकेचा पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो. बोटांचे ठसे झिजले असतील, आणि भांडी घासून किंवा ऊस तोडून ते झिजतातच, तर आधार केंद्रात ठसे अद्ययावत करून घ्या.

दरवर्षी हयातीचा दाखला मागतात. शाखा जी तारीख देईल ती घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत चुकली की अनुदान थांबतं, आणि पुन्हा सुरू करायचं म्हणजे नव्याने अर्ज केल्यासारखीच धावपळ. तोच दाखला देताना पोच घ्या. "तुम्ही हयात दिलीच नाही" असं उत्तर मिळतं तेव्हा पोच नसलेल्या बाईला काउंटरसमोर प्रत्यक्ष उभी असूनही आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं.

गाव बदललं, वय वाढलं

दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलात तर आधीच्या तहसीलला कळवून प्रकरण वर्ग करायला सांगा. नवीन ठिकाणी सरळ नवा अर्ज केला तर आधारवर जुनं प्रकरण दिसतं आणि दोन्ही अडकतात.

वय ६५ झालं की संजय गांधीमधून श्रावणबाळमध्ये बदल होतो. इथे आधारवरची जन्मतारीख धरली जाते. पुष्कळ जुन्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजाने घातलेलं साल असतं. खरं वय जास्त असेल तर शाळेचा दाखला किंवा जुन्या मतदार यादीची प्रत काढून ती दुरुस्ती ६५ च्या आधीच करून घ्या. ती बदल चालू असताना केली तर एका यादीतून नाव निघतं आणि दुसरीत चढत नाही. लाभार्थी वारली तर मृत्यूचा दाखला महिन्याभरात शाखेत द्या, आणि त्यानंतर खात्यात आलेल्या पैशांना हात लावू नका. ते परत भरायला लावतात, आणि तेव्हा मुलांच्या हाती हिशेबाचा एकही कागद नसतो.